खिडकीची बाजू, दाराची बाजू

दुर्बिणीचा आरसा हाताने घासायचा असेल तर एका जागी उभे राहून चालत नाही. कमरेइतक्या उंचीच्या, वाळूने भरलेल्या पिंपावर काचेची एक चकती पक्की बसवतात, तिच्यावर ओली पूड टाकतात आणि दुसरी चकती दोन्ही तळव्यांनी तिच्यावरून मागेपुढे सरकवतात. पाचसहा वेळा सरकवली की एक पाऊल बाजूला जायचे आणि हातातली चकती किंचित उलट दिशेला वळवायची. पुन्हा सरकवायचे, पुन्हा पाऊल. असे पिंपाभोवती महिनोन्‌महिने चालत राहिले की वरची चकती खोलगट होते आणि खालची तितकीच फुगीर. वरची पुढे आरसा होते.

या चालण्यामागचे कारण साधे आहे. प्रत्येक हाताला काही खोड असते. कुणाचा उजवा तळवा जास्त दाबतो, कुणाचे मनगट ओढताना तिरपे जाते. सतत फिरत राहिल्याने ती खोड काचेच्या सर्व अंगांना सारखी वाटली जाते आणि नाहीशी होते. तयार आरशावर घासणाऱ्याची सही राहू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

गेल्या उन्हाळ्यात मला ती सही हवी होती.

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. भागात दोष आढळला की तो कोणत्या पाळीत, कोणत्या हातून आला हे मी शोधतो. सांगलीकडचा माणूस जयपुरात येऊन स्थिरावला तो या कामामुळे. माझा आवाज चढत नाही. कारखान्यात याबद्दल माझे कौतुक होते, नातेवाईक आपल्या मुलांना माझे उदाहरण देतात. आवाज न चढवता माणसाला किती दूर लोटता येते, हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक असायला हवे होते.

वहिनींची आणि आमची ओळख एका संक्रांतीला झाली. इथल्या काही मराठी कुटुंबांचे तिळगुळाला एकत्र येणे होते. सगळे शहर गच्च्यांवर पतंग उडवत होते, आमचेही लोक माना वर करून ‘वो काटा’ म्हणून ओरडत होते. त्या गर्दीत एक बाई पतंगांकडे पाठ करून, पुठ्ठ्यात बसवलेली काळी फिल्म डोळ्यांसमोर धरून सूर्याकडे पाहत होत्या.

“डाग आहेत का?” मी विचारले.

“एक मोठा आहे, अन् त्याच्या बाजूला पिल्लं,” त्या म्हणाल्या आणि पुठ्ठा माझ्या हातात दिला. “पाहा. इथं कोणाले पाहायचंच नाही. मघापासून दाखवून राहिली मी.”

त्यांचे यजमान सैन्यात अधिकारी, नेमणूक जयपूरच्या लष्करी ठाण्यात, पण घरी क्वचितच. त्या मूळच्या नागपूरच्या, लग्नाआधी पदार्थविज्ञान शिकवायच्या. मला त्या ‘भाऊ’ म्हणू लागल्या, मी त्यांना ‘वहिनी’. माझ्याकडे एक लहान विकतची दुर्बीण होती. तिच्यातून आम्ही दोन हिवाळे शनी, गुरू आणि मृगातला तेजोमेघ पाहिला. मग स्वतःचा मोठा आरसा घडवायचे ठरले. आमच्या वैशाली नगरच्या घरातली तळमजल्यावरची मागची खोली तापमान फार बदलत नाही म्हणून निवडली. घासण्याची पूड जौहरी बाजाराच्या मागल्या गल्लीतून, नगिने म्हणजे रत्नांचे खडे घासणारे घेतात तिथूनच आणली. दुकानदाराने चकती हातात तोलून विचारले, “भाईसाहब, इतना बड़ा नगीना किसके लिए?”

“इनकी अंगूठी में जड़वाना है,” वहिनी गंभीरपणे म्हणाल्या.

पुढचा हिवाळाभर आम्ही एकत्र घासले. एक थकला की दुसरा. बोलणे बरेचसे एकमेकांची खोडी काढण्याचे असे. “भाऊ, काचेची मालिश करून राहिले का? जोर लावा थोडा!” मार्चमध्ये काच धुक्यासारखी मऊ पांढरी झाली. खालच्या चकतीवर डांबराची गादी ओतली आणि गुलाबी पुडीने पॉलिशला सुरुवात केली.

एप्रिलच्या सुरुवातीला वहिनी आल्या त्या हात धुवायला न जाता स्टुलावर बसल्या.

“पोस्टिंग आली. जूनच्या शेवटी ट्रक लागेल.”

“म्हणजे घाई करावी लागेल,” मी म्हणालो.

“मेअखेर होऊन जाईल आरामात. मग नेते मी सोबत.”

“काय नेता?”

“आरसा. अजून काय, पिंप?”

मी तोपर्यंत तो आरसा जयपूर सोडून जाईल असा विचारच केला नव्हता. प्लायवूडची नळी माझ्या गच्चीवर अर्धी जोडून झाली होती.

“तिथं डोंगरात काळंकुट्ट आभाळ आहे भाऊ. तुमच्या गच्चीवरून काय दिसते? समोरच्या मॅरेज गार्डनचे दिवे.”

“हे काम माझ्या घरात झालं आहे, वहिनी.”

“अन् माझ्या हातानं नाही झालं का? बाप्पा! भाड्यानं लावले होते का मी माझे हात तुमच्याकडं?”

मी हातातला फडका नीट घडी करून ठेवला. मग म्हणालो, “जशी आपली इच्छा.”

दोन वर्षांत मी त्यांना ‘आपण’ म्हटले नव्हते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी उठून खोलीचे दार उघडून धरले आहे. तसे मी धरलेच होते.

त्यानंतर आम्ही एका वेळी खोलीत येणे टाळले. वहिनी सकाळी, मी कारखान्यात असताना, यायच्या. मी संध्याकाळी घरी येऊन कपडे बदलून पिंपाशी उभा राहायचो. माझी पत्नी चहाचा कप दारातून आत सरकवत म्हणायची, “सकाळची पाळी सुटली. दुसऱ्या पाळीचे कामगार हजर झाले वाटतं.” मी हसत नसे.

पॉलिशच्या काळात आरशाचा आकार वरचेवर तपासावा लागतो. अंधाऱ्या खोलीत बारीक फटीतून आरशावर प्रकाश टाकतात आणि परतणाऱ्या किरणांच्या वाटेत दाढीचे पाते हळूहळू सरकवतात. पात्याच्या कडेवरून पाहिले की गुळगुळीत काचेवरचे अतिसूक्ष्म चढउतार डोंगर-दऱ्यांसारखे उठून दिसतात. रोज संध्याकाळी मी पाते सरकवून पाहायचो, आणि काल मी ठेवलेला आकार आज तिथे नसायचा. मधोमध एक उंचवटा आलेला असायचा, किंवा आदल्या दिवशी मी उतरवलेली कडा पुन्हा चढलेली. यात विशेष काही नव्हते. काच रोज घासली जात होती, ती बदलणारच. परंतु मला तो बदल ओळखीचा वाटू लागला. हे वहिनींचे लांब, घाईचे हात. मी दुरुस्त करतो आणि त्या सकाळी येऊन मोडतात.

दोष कोणत्या पाळीत येतो हे शोधायचे तर दोन पाळ्यांचा माल वेगळा ठेवावा लागतो. मी आरशाच्या पाठीवर, कडेजवळ, काळ्या मार्करने एक लहान ठिपका दिला. घासताना ठिपका खिडकीकडे ठेवायचा आणि मीही खिडकीच्याच बाजूला उभे राहायचे. फिरायचे नाही, काच वळवायची नाही. माझे काम एका जागी राहिले की दुसऱ्याचे काम आपोआप उघडे पडेल. तपासताना ठिपका नेहमी वर. अशा रीतीने मी, हिवाळाभर पिंपाभोवती चाललेला माणूस, पुराव्यासाठी उभा राहिलो.

मला कल्पना होती का, की यामुळे आरसा बिघडेल? पुस्तकी उत्तर मला पाठ होते. मी स्वतःला सांगत होतो की थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, एकदा सिद्ध झाले की सगळे नीट करू. कुणापुढे सिद्ध करायचे होते, हे मात्र मी स्वतःला कधी विचारले नाही.

मे महिन्याच्या मध्यात आरशाच्या पाठीवर, माझ्या ठिपक्याच्या समोरच्या कडेला, एक लाल टिकली चिकटलेली दिसली. घामाने कपाळावरून सुटून पडली असणार. मी ती काढली नाही. रोज पाहायचो आणि रोज त्या निष्काळजीपणाचा एक नवा अर्थ लावायचो. ज्यांना काचेवर आपली टिकली पडल्याचे कळत नाही, त्या या आरशाला डोंगरात नेऊन काय सांभाळणार? एकदा पत्नीला मी हे बोलूनही दाखवले, अर्थात अत्यंत सौम्य शब्दांत.

“तुम्हीच सांगा ना त्यांना,” ती म्हणाली.

“त्यांचा अपमान होईल.”

“हो का? मग हे जे चाललंय ते काय, हळदीकुंकू?”

नवल म्हणजे, पात्याच्या तपासणीत आरसा सुधारत गेला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सावली इतकी सुरेख पसरली की मला ती माझ्या पद्धतीची साक्ष वाटली. खरी परीक्षा ताऱ्यावरच व्हायची होती. धातूचा मुलामा चढवण्याआधीची कोरी काचही तेजस्वी ताऱ्यापुरता प्रकाश परतवते. मी वहिनींना निरोप पाठवला: “आरसा तयार आहे. आपणास सोयीचे असल्यास संध्याकाळी यावे.” त्यांचे उत्तर आले: “येते.”

आदल्या दिवशी धुळीची आंधी येऊन गेली होती. हवेतली धूळ खाली बसली होती, गच्चीच्या फरशीवर बोटाने नाव लिहिता आले असते. दिवस मावळला तशी डोक्यावर स्वाती दिसू लागली. मॅरेज गार्डनमध्ये कुणी तरी माइक तपासत होते. पत्नी सरबताचे पेले घेऊन वर आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. मी आरसा नळीत बसवला आणि नळी वळवून स्वाती पकडली.

चांगल्या आरशात तारा एक टिंब दिसतो. भिंग किंचित आत-बाहेर केले की त्या टिंबाची वाटोळी चकती होते, दोन्हीकडे सारखी. मी भिंग आत घेतले. तारा उभा ताणला गेला. बाहेर घेतले. तो आडवा झाला. मध्ये, जिथे टिंब असायला हवे होते, तिथे एक लहान, स्वच्छ, चौफेर पाय पसरलेली फुली होती. मी पुन्हा पाहिले. मग बाजूला झालो.

वहिनींनी डोळा लावला. बराच वेळ त्या वाकूनच होत्या.

“हा तारा आहे का फुली?”

“आपण पाहिलंत तेच मीही पाहिलं.”

“ते ‘आपण’ ठेवा तिकडं. काच दोन दिशांना वेगवेगळी वळलेली आहे ही. पातं एकाच दिशेनं पाहते, त्याले नाही दिसत हे. तुम्ही फिरत होते का पिंपाभोवती?”

“आपण फिरत होतात?”

“मी आधी विचारलं.”

“दोघंही फिरत नव्हतात,” पत्नी कठड्यापाशी उभी राहून म्हणाली. “चहा द्यायला मी दोन्ही वेळा यायचे ना. या दाराकडे खांबासारख्या, तुम्ही खिडकीकडे. मला वाटलं, ते गोल गोल फिरायचं प्रकरण आता संपलं असेल.”

“मग सांगायचं नाही?” मी म्हणालो.

“मला कुणी विचारलं?”

मी नळीतून आरसा काढला. वहिनींनी मोबाइलचा उजेड पाठीवर धरला. एका कडेला माझा ठिपका, समोरच्या कडेला टिकली.

“ही टिकली...” मी म्हणालो, “पडलेली नव्हती?”

“पडायले काय झालं तिले! चिकटवली होती मी. रोज संध्याकाळी कोणी तरी माझं काम पुसून टाकत होतं. म्हटलं, पाहू तरी कोण कुठं हात मारते. टिकली दाराकडं ठेवायची, अन् आपण दाराकडं.” मग त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवले. “अन् हा?”

“खिडकीकडे.”

खाली माइकवर कुणी ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणाले. वहिनी हसतील असे मला क्षणभर वाटले. त्या हसल्या नाहीत.

“तुम्ही ओरडले असते ना एकदा,” त्या म्हणाल्या, “‘नाही देत आरसा, निघा माझ्या घरातून’ असं ओरडले असते, तर मी भांडले असते, रडले असते, दुसऱ्या दिवशी आले असते. आरसा वाचला असता.”

“मी ओरडत नाही, वहिनी.”

“माहीत आहे मला. एप्रिलपासून ऐकून राहिली मी तुमचं न ओरडणं.”

 त्यांनीही खूण केली होती, त्याही उभ्या राहिल्या होत्या, असा हिशेब मी त्या रात्री अंथरुणात मांडून पाहिला. तो बरोबर होता. त्याने मला काहीही मिळाले नाही. त्यांनी आधी भांडण केले होते आणि मग खूण. मी भांडण टाळले होते आणि त्या टाळण्याला सभ्यता म्हटले होते.

अशा आरशाला उपाय एकच असतो. पॉलिश विसरायचे, डांबर खरवडून काढायचे आणि बारीक पुडीच्या घासणीला परत जायचे, म्हणजे काच पुन्हा पांढरी करायची. हातात दोन आठवडेही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी फाटक वाजले. वहिनी आल्या त्या केसांत गवताची काडी घेऊन. घरी लष्करी काळ्या पेट्या भरणे सुरू होते. नमस्कार नाही, काही नाही.

“पूड कुठंय?”

“कालवून ठेवली आहे.”

मी घासू लागलो. जरा वेळाने त्या म्हणाल्या, “फिरा.” मी एक पाऊल सरकलो. नंतर त्यांचा हात आला, मी पाहत उभा राहिलो, आणि त्या दाराशी किंचित रेंगाळल्या तेव्हा मीही म्हणालो, “फिरा.” त्यांनी रागाने पाहिले आणि सरकल्या. त्या दिवसांत आमच्यात एवढाच शब्द चालला. तो प्रेमाने कुणीच उच्चारला नाही. एका दुपारी पुन्हा आंधी आली. वाळूचा एक कण दोन चकत्यांमध्ये गेला तर सगळ्या काचेवर ओरखडा उठतो. आम्ही ओल्या चादरी खिडकीवर धरून उभे राहिलो, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. पलीकडे पत्रे वाजत होते.

“वर धरा तुमची बाजू,” त्या म्हणाल्या.

“धरली आहे.”

“वरून फट आहे, मला दिसून राहिली. सगळं जयपूर आत घेणार का?”

मी चादर वर धरली. फट खरोखरच होती.

बारीक घासणी संपली तेव्हा ट्रकला एकच दिवस उरला होता. काच गोठलेल्या दुधासारखी पांढरी झाली होती, तिच्यात कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. पाठीवरचा ठिपका मी स्पिरिटने पुसला. टिकली वहिनींनी नखाने काढून पिंपाच्या पत्र्यावर चिकटवली. पॉलिशला वेळ नव्हता. आरसा कुणाचा हा प्रश्न कुणी पुन्हा काढला नाही. मी तो सुती पंच्यात गुंडाळून, फोमच्या पेटीत घालून त्यांच्या हाती दिला.

त्यांनी पेटी उचलून वजन पाहिले.

“खालची?”

आरशाबरोबर घासली गेलेली फुगीर चकती अजून पिंपावर होती. जगातल्या कोणत्याही दुसऱ्या काचेशी ती जुळली नसती, आणि तिच्याशिवाय आरशाचे पॉलिश जवळजवळ अशक्य होते. मी ती विसरलो नव्हतो. आरसा देऊन टाकण्याचा मोठेपणा करायचा आणि जिच्यावाचून तो पुरा होणार नाही ती चकती मुकाट्याने ठेवून घ्यायची, असा बेत माझ्या मनात नीट, सभ्यपणे आखलेला होता. दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला असता. मी हळू आवाजात म्हणालो असतो, अरे हो, राहिलीच.

“भाऊ, मी विचारून राहिली. खालची चकती देणार, का नाही?”

“नव्हतो देणार,” मी म्हणालो.

हे मी बऱ्याच मोठ्याने म्हणालो असावे, कारण पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. वहिनींनी पेटी खाली ठेवली, पदर खोचला आणि मागच्या खोलीत जाऊन त्या पिंपावर चकतीला धरून ठेवणारे लाकडी ठोकळे सोडवू लागल्या. एक ठोकळा त्यांना निघेना. तो खिडकीच्या बाजूचा होता. तो मी सोडवला.

दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला. सोबत फोटो होता: अंधारात गोल आरसा, त्याच्यावर पात्याची सावली. मधला भाग नितळ, आणि बाहेरच्या काठाला एक बारीक उजळ कडे, सगळीकडून सारखे. अशा, काठाशी किंचित उतरलेल्या आरशाची कडा काळ्या कागदाने झाकतात आणि उरलेला आरसा उत्तम काम देतो. फोटोखाली लिहिले होते: “फुली गेली. कडा पडली. तुमच्याच हाताची असेल.”

कडा पॉलिश करताना पडते, आणि पॉलिश पूर्णपणे तिकडे झाले होते. मी हे सविस्तर लिहून काढले, कारणांसह, ‘आपण’ धरून. मग ते सगळे पुसले आणि लिहिले, “असेल.” लगेच उत्तर आले नाही. मी मागच्या खोलीत गेलो. पिंपाच्या पत्र्यावर टिकली अजून होती, दाराच्या बाजूला.